अंड्याचा भाव छापल्याबद्दल

श्री. युरी निकोलोव्ह (शोधपत्रकार, युक्रेन) यांस,
स. न. वि. वि.

कीव्हच्या दुकानात ७ रिव्नियाला (तुमचं चलन) मिळणारं अंडं तुमचं संरक्षण मंत्रालय १७ ला घेतंय, हे तुम्ही २१ जानेवारी २०२३ ला छापलंत. बटाटा दुकानात ८-९ रिव्निया किलो, करारात २२. करार १,३१६ कोटी रिव्नियांचा, सैनिकांच्या जेवणाचा, आणि तोही रशियन क्षेपणास्त्रं शहरांवर पडत असताना. निविदा वाचायची खोड असलेले आम्ही काही जण पुण्यातून हे पत्र लिहितोय. मराठी तुम्हाला येत नसणार, पण आभार आपल्या भाषेतच नीट मानता येतात.

घोटाळा बाहेर काढलात म्हणून आभार आहेतच. त्याहून जास्त आहेत ते तुमच्या रीतीबद्दल. युद्धकाळातल्या कागदात नेमकं काय झाकायचं आणि काय नाही, हे त्या एका अंड्याने स्पष्ट केलं. रोज किती किलो बटाटे कुठल्या गोदामात उतरतात, हे गुपितच हवं. किलोंना माणशी शिध्याने भागलं की किती जवान आहेत ते शत्रूला घरबसल्या कळतं. पण एका किलोचा दर? त्यावरून छावणीही सापडत नाही आणि माणसंही मोजता येत नाहीत. सापडतो तो फक्त मधला दलाल.

हल्ला सुरू झाल्यावर चारच दिवसांत, २८ फेब्रुवारी २०२२ ला, तुमच्या सरकारने लष्करी खरेदीला प्रोझोरो या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरच्या खुल्या लिलावातून सूट दिली. तेव्हा ते बरोबरच होतं. रणगाडे राजधानीच्या वेशीवर असताना बोली उघडायची वाट कोण बघणार? चूक पुढे झाली. घाईसाठी दिलेली सवलत घाई संपल्यावरही तशीच राहिली, आणि बंदुकांसाठीचा पडदा कांद्याबटाट्यावरही ओढला गेला.

मंत्रालयाचा खुलासा आम्ही आता शिकवायला वापरतो. पुरवठादाराची तांत्रिक चूक, नग आणि किलो यांत घोळ, असं मंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह म्हणाले. तपासून बघा. अंडं साधारण ५५ ते ६० ग्रॅमचं, म्हणजे किलोत सतरा-अठरा. नगाला ७ धरले तर किलोला सुमारे १२० रिव्निया होतात. १७ हा आकडा किलोचा म्हणून बसत नाही आणि नगाचा म्हणूनही नाही. बरं, अंड्याचं एक वेळ सोडा. बटाटा कोण नगावर विकतो?

अशा करारांत खरी मेख असते ती यादीत. शेकडो जिन्नस, प्रत्येकाचा दर वेगळा, आणि स्पर्धा मात्र यादीच्या बेरजेवर. समजा यादीत दोनच जिन्नस आहेत. प्रामाणिक माणूस अंडं ७ ला आणि अक्रोड १५० रुपये किलोने देतो, बेरीज १५७. दुसरा अंडं १७ ला लावतो, अक्रोड तोटा खाऊन १०० ला, बेरीज ११७. कागदावर दुसरा स्वस्त, कंत्राट त्याला. मग मागणी येते एक लाख अंड्यांची आणि दहा किलो अक्रोडांची. पहिल्याचं बिल झालं असतं ७,०१,५००, दुसऱ्याचं होतं १७,०१,०००. अक्रोड मागवतंय कोण? म्हणून बेरीज करायची ती प्रत्यक्ष खपाच्या वजनाने. गेल्या वर्षीच्या मागणीपत्रांतून सगळ्यात जास्त उचललेले वीसेक जिन्नस काढायचे आणि त्याच आठवड्याच्या घाऊक बाजारभावाशी ताडायचे. दोन महिन्यांपूर्वीचा भाव घेतला की समोरचा हंगामाचं कारण पुढे करतो.

तुमचा लेख आल्यावर तीन दिवसांत उपमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे संसदेने शस्त्रं वगळता लष्करी खरेदीचे एककाचे दर जाहीर करायचा कायदा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुर्कस्तानातून निघताना २९ डॉलरचं असलेलं जॅकेट युक्रेनमध्ये ८६ डॉलरचं झाल्याची बातमी आली. मंत्रालयाने आरोप नाकारले, सप्टेंबरात मंत्री बदलले. तिथे फरक पकडायची युक्तीही साधी: एकाच मालाची दोन्ही टोकांची सीमाशुल्काची कागदपत्रं शेजारी ठेवायची.

सैन्यभरतीत मात्र दरपत्रक नसतं, म्हणून ते दुखणं जास्त खोल. ११ ऑगस्ट २०२३ ला झेलेन्स्कींनी सगळ्या प्रांतांचे भरतीप्रमुख एकदम काढले. तरी भरतीतून सुटका करणाऱ्या वैद्यकीय दाखल्यांचा बाजार उरलाच. अपंगत्व ठरवणाऱ्या समित्यांमधून सरकारी वकीलच मोठ्या संख्येने अपंग ठरल्याचं निघालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये महाअभियोक्त्यांनी राजीनामा दिला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्या समित्या बंद करून काम इस्पितळांतल्या डॉक्टरांच्या पथकांकडे गेलं. भरतीचं वय २७ वरून २५ वर आलं तेही त्याच २०२४ सालात. पंचविशीतल्या पोराने खंदकात जायचं आणि ऐपतवाल्याने दाखला काढायचा, हे ज्या घरातून मुलगा गेलाय तिथे कसं पचावं?

आमच्याकडे माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(अ) खाली सुरक्षेचं कारण देऊन अख्खा कागद नाकारता येतो. तुमच्यामुळे अर्ज लिहायची आमची पद्धत बदलली. 'कराराची प्रत द्या' असं न लिहिता आम्ही लिहितो: 'मंजूर दरपत्रकातील जिन्नस, एकक व दर हे रकाने द्यावेत, प्रमाण व पुरवठ्याचे ठिकाण कलम १० नुसार वगळावे.' कलम १० म्हणजे गुप्त भाग वगळून उरलेला कागद देण्याची तरतूद. गुपित आपणच बाजूला काढून ठेवलं की नाकारायला कारण शोधावं लागतं. एककाचा रकाना मागायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर नग-किलोचा खेळ पुन्हा सुरू.

जानेवारी २०२४ मध्ये अनोळखी माणसांनी तुमच्या घराचं दार बडवलं, दारावर देशद्रोही, भरतीचुकार असे कागद चिकटवले, हे आम्ही वाचलं. तुम्ही घरी नव्हतात, आई होत्या. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

कळावे,
निविदा वाचणारे काही जण, पुणे