काळ्या पाण्यावर गेलेल्या साध्या माणसांची नावे शोधू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

पितृपंधरवड्यात आमच्या घरी आजोबांचं आणि पणजोबांचं पान त्यांच्या तिथीला वाढतात. खापरपणजोबांचं मात्र सर्वपित्रीला, कारण त्यांची तिथीच कोणाला ठाऊक नाही. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर आमच्या गावाजवळ, सातारा जिल्ह्यात, एका सावकाराच्या घरावर दरोडा पडला. त्यात ते धरले गेले, जन्मठेप झाली आणि काळ्या पाण्यावर गेले. घरात पिढ्यान् पिढ्या एवढंच सांगत आले. ते परत आले नाहीत आणि गेल्याचा निरोपही आला नाही.

माझी आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा खापरपणजी सत्तरीला टेकली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. नवऱ्याचं घोंगडं तिनं उतरंडीमागे घडी करून ठेवलं होतं. दसऱ्याचं धुणं निघालं की ते एक घोंगडं ती स्वतः नदीवर न्यायची, सुनांच्या हाती द्यायची नाही. ती वारली तेव्हा हिरवा चुडा भरून, ओटी भरून तिला नेली. ती सवाष्ण होती की नव्हती, हे त्या दिवशी गावात कोणालाच सांगता आलं नाही.

मंत्रिमहोदय, अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि तिथले क्रांतिकारक आठवतात. आठवलेच पाहिजेत. पण ते जेल बांधून झालं १९०६ साली. पोर्ट ब्लेअरला पहिले दोनशे कैदी उतरले ते १० मार्च १८५८ ला, सत्तावनच्या उठावानंतर. त्या मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत हजारो साधी माणसं तिकडे गेली. कुणी खुनात, कुणी दरोड्यात, त्यात बायकाही होत्या. गळ्यात लाकडी टिकट, त्यावर नंबर, कलम आणि शिक्षेची तारीख. जंगल तोडायचं, दलदल भरायची, रस्ते बांधायचे. वर्तणूक चांगली राहिली तर काही वर्षांनी स्वतःचं पोट स्वतः भरायची परवानगी मिळे. मग जमिनीचा तुकडा मिळे, स्त्रीकैद्यांपैकी कोणाशी लग्नही करता येई. त्यांची मुलंनातवंडं आज तिथे 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखली जातात. त्यात माझे चुलत भाऊबंद असतील का, हा विचार मला झोपू देत नाही.

खापरपणजोबा निर्दोष होते असं मी म्हणत नाही. केला असेल गुन्हा. दुष्काळात सावकाराच्या कणग्या भरलेल्या आणि पोरं उपाशी, एवढं मला कळतं. पण गुन्हेगार होते म्हणून त्यांचं नाव शोधायचा हक्क आम्हाला नाही, असं तर होत नाही ना?

मी एका कार्यालयात तीन वेळा जाऊन आले. दर वेळी एकच प्रश्न आला, "बाई, साल आणि खंड क्रमांक सांगा." तोच तर मला शोधायचा आहे! त्या काळच्या इंग्रजी कागदांत माणूस आडनावाने सापडत नाही. अमुक बिन तमुक, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, असं लिहिलेलं असतं. गावाचं नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. वर्षवार बांधलेल्या जाड खंडांत असा माणूस हुडकायचा तर आयुष्य पुरायचं नाही.

आणि अंदमानातून कागद येतील म्हणावं, तर १९४२ ते १९४५ ही बेटं जपानच्या ताब्यात होती. त्या काळात तिथलं बरंचसं दप्तर नष्ट झालं. म्हणून मुंबई इलाख्याच्या न्याय खात्याचे जे कागद आपल्या पुराभिलेख संचालनालयात आहेत, त्यांचं मोल फार आहे. एका बाजूची चिठ्ठी जळाली, दुसऱ्या बाजूची आपल्याकडे आहे.

मॉरिशसला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या मराठी मजुरांची पणतवंडं आज तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जातात आणि आपल्या माणसाचा नंबर, जहाज, गाव बघून येतात. कोकणातलं आपलं मूळ गाव शोधत येणारे लोक त्याच कागदांच्या आधारे येतात. समुद्रापलीकडच्या लहानशा देशानं हे जपलं.

आपल्यालाही हे जमतं, हे सरकारनं दाखवलंय. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, तेव्हा तालुक्या-तालुक्यातली दप्तरं उघडली, मोडी वाचणारे बसवले, कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्यासुद्धा तपासायच्या यादीत घेतल्या. सापडलेल्या नोंदी संकेतस्थळांवर चढल्या. तीच माणसं आणि तीच पद्धत एवढ्या एका कामाला लावा.

माझं मागणं असं. १८५८ पासून मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या प्रत्येक कैद्याची सूची करा. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, कलम, शिक्षेचं साल. ती देवनागरीत असू द्या आणि गावाच्या नावानंही शोधता येऊ द्या, कारण घराघरांत नाव विसरलं तरी गाव विसरलेलं नसतं. मूळ पानाचं छायाचित्र सोबत जोडा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोर्ट ब्लेअरचा जो पत्रव्यवहार आहे, त्यातली मृत्यूची आणि सुटकेची नोंद या सूचीला जोडून मिळावी म्हणून आपण केंद्राला पत्र लिहा. आणि अंदमानच्या कुटुंबांनाही ही सूची खुली ठेवा. तिकडेही कोणीतरी आपलं गाव शोधत असेल.

माझे वडील नव्वदीला आले आहेत. गेल्या सर्वपित्रीला पान वाढताना त्यांनी विचारलं, "काही लागला का गं पत्ता?" त्यांना सांगायला मला एक तारीख हवी आहे.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक नागरिक