घारापुरीची बोट भरती बघून सोडा: पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नवी मुंबईहून घारापुरीला रविवारची बोट सुरू करण्याबाबत

मंत्रिमहोदय, स.न.वि.वि.

घारापुरी बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. म्हणजे आमच्या शेजारचं. तरी नवी मुंबईकराला लेणी बघायची तर आधी लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे, मग तिकिटाची रांग आणि मग तासाभराची लाँच, तीही पुन्हा पूर्वेकडे, जिथून सकाळी निघालो त्याच दिशेला. असा हा द्राविडी प्राणायाम. घरातली वडीलधारी माणसं गेटवेलाच थकतात, आणि बेटावरच्या शे-सव्वाशे पायऱ्या अजून चढायच्याच असतात.

तुम्ही म्हणाल, वॉटर टॅक्सी दिली होती की. दिली होती. 17 फेब्रुवारी 2022 ला बेलापूरच्या जेट्टीवर थाटात उद्घाटन झालं, मार्गांच्या यादीत घारापुरीही होती. पण सगळा भर होता ऑफिसला जाणाऱ्यांवर. कॅटामरानचं (मोठ्या जोडबोटीचं) तिकीट 290 रुपये, स्पीडबोटीचं आठशेच्या वर. लोकलचा पास खिशात असलेला माणूस त्या वाटेला कशाला जाईल? आणि परवडलं तरी मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरून पुढे ऑफिसपर्यंत टॅक्सी आहेच. सेवा रुजली नाही यात नवल नव्हतं.

माझ्या मते खरी गोम तिकिटात कमी आणि पाण्यात जास्त आहे. ऑफिसवाल्याला बोट रोज ठरलेल्या वेळी लागते. भरती मात्र रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. उरणजवळच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या उरणकरांना विचारा. मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ साचलेला, ओहोटी लागली की लाँच टेकत नाही, आणि मग मधले काही तास सेवा बंद असल्याची सूचना लागते. आमच्या बेलापूरकडच्या पनवेल खाडीचा स्वभावही फार निराळा नाही. अशा पाण्यात नऊ-पाचचं वेळापत्रक चालवायचं म्हणजे एकतर सतत गाळ उपसत बसायचं, नाहीतर निम्मा महिना फेऱ्या रद्द करायच्या.

सहलीला निघालेल्या माणसाचं तसं नसतं. त्याला आठला बोलवा, दहाला बोलवा, आधी सांगितलं असेल तर तो डबा भरून हजर होतो. कोळ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला सव्वाअकरा ते बारा. आता हेच सहलीला लावून बघा. पुनवेजवळचा रविवार असेल तर साडेनऊला निघायचं, अडीच-तीनला परत. अष्टमीच्या आसपास सकाळी सहाची भरती उतरायच्या आत, म्हणजे साडेसात-आठपर्यंत बोट सोडायची आणि संध्याकाळी पाणी चढू लागलं की साडेचारनंतर परतायचं. बेटावर चांगला अख्खा दिवस मिळतो. पंचमीला जेवून निघावं लागेल, तेव्हा एक लेणं नीट बघून होईल, तेवढंही पुष्कळ. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला कुठलाही तांडेल (होडीचा म्होरक्या) तुमच्या अधिकाऱ्यांना वर्षभराचं वेळापत्रक एका बैठकीत मांडून देईल.

आणि हे काही माझं डोकं नव्हे. ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून फ्लेमिंगो दाखवायला बोट सुटते, ती भरती बघूनच सुटते. लोक वेळ विचारून येतात. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. वनखात्याला जे जमतं ते पर्यटन खात्याला जमू नये?

घारापुरीला घाई चालत नाही, हेही सांगायला हवं. गेटवेहून आलेली मंडळी शेवटची लाँच चुकेल या धास्तीने तीन मुखांच्या सदाशिवासमोर फोटो काढून परत फिरतात. सहाव्या शतकातलं ते शिल्प दक्षिणेच्या भिंतीत खोल बसवलेलं. उन्हातून आत आल्यावर पहिली काही मिनिटं मधला शांत चेहराच तेवढा दिसतो. डोळे सरावले की मग आपल्या डावीकडचं उग्र मुख दिसू लागतं. मिशा, हातात नाग, जटेत कवटी. उजवीकडचं मुख कोवळं, बाईचं वाटावं असं, हाती कमळ. शेजारी अर्धनारीश्वर, गंगाधर, पलीकडे कैलास हलवू पाहणारा रावण. हे सगळं बघायला निवांत दोन तास हवेत. (बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो दगडी हत्ती मात्र भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे. त्याच्याबद्दलचा फलक तरी बेटावर लावा.)

बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या गावांत समुद्राखालून वीज पोचली ती 2018 साली. त्यांचं पोट पर्यटकांवर आहे. नवी बोट आली तर गावचे खलाशी, गावची खानावळ यांना त्यात आधी जागा मिळावी. नाहीतर ठेकेदार बाहेरचा आणि गावकऱ्यांनी ताक विकायचं, असं होईल.

आणखी दोन गोष्टी. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या बोटीला झालेला अपघात कुणी विसरलेलं नाही. प्रत्येकाने जॅकेट घातल्याशिवाय दोर सुटता कामा नये, आणि जॅकेटं लहान मुलांच्या मापाचीही हवीत. दुसरं, या सेवेसाठी नवं बांधकाम नको. बेलापूरला आणि नेरूळला जेट्ट्या आहेत, आणखी कांदळवन तोडायची गरज नाही.

अडचण मला दिसते ती खात्यांची. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे, धक्के सागरी मंडळ आणि सिडकोकडे, बेट रायगडात, प्रवासी ठाणे जिल्ह्यातले. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार (इथे बोट म्हणजे हाताचं). म्हणूनच हे पत्र तुम्हाला. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं मंत्र्यालाच शक्य आहे.

मोठी योजना मागत नाही. यंदा दिवाळीनंतर मार्चपर्यंतचे रविवार, एकच बोट, कुटुंबाला परवडेल असं परतीसह तिकीट, आणि महिन्याचं वेळापत्रक आधीच्या महिन्यात नेरूळ, बेलापूर आणि वाशी स्टेशनवर लावलेलं. एवढं प्रायोगिक तत्त्वावर करून बघा. प्रतिसाद नाही मिळाला तर बंद करा, आम्ही पुन्हा गेटवेच्या रांगेत उभे राहू.

कळावे,
आपला,
नेरूळचा एक रहिवासी