जिन्यातल्या कोळ्यांवर फवारणी नको

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय : कोळ्यांसाठी ठरलेली फवारणी रद्द करण्याबाबत

महोदय,

कोळ्यांबद्दल तक्रारी आल्याने सगळे जिने, पार्किंग आणि मीटर रूममध्ये औषध मारणार असल्याची सूचना फलकावर वाचली. ही फवारणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तक्रार करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. भिंतीवर कोळी दिसला की माझ्याही छातीत धस्स होतं. ‘एवढ्याशा जिवाला काय घाबरायचं’ असं कुणी म्हटल्याने ही भीती जात नाही, तशीच ती औषध मारूनही जात नाही. मानसोपचारात तिच्यावर चांगला उपाय आहे : आधी चित्र, मग बंद बरणीतला कोळी, मग थोडं आणखी जवळून, अशी हळूहळू सवय करून देतात.

बहुतेकांची तक्रार मीटर रूमच्या दाराआडच्या त्या मोठ्या, चपट्या, तपकिरी कोळ्याची असावी. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही. रात्री भिंतीला चिकटून निश्चल बसतो आणि झुरळ टप्प्यात आलं की झडप घालतो. मादी अंड्यांची पांढरट, चपटी पिशवी पोटाखाली धरून फिरते, तेव्हा तर ती जास्तच मोठी वाटते. छताच्या कोपऱ्यातले काडीसारख्या पायांचे कोळी जाळ्याला धक्का लागला की अंग गरगर हलवतात. घाबरलेले असतात ते. डास, चिलटं हे त्यांचं खाणं. जगभरातले कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडला, आणि त्यात बहुतांश कीटकच.

घरातले कोळी सहसा अंगाखाली किंवा कपड्यात दाबले गेले तरच चावतात. डेंग्यू, मलेरिया पसरवतो तो डास.

औषधाने दोघेही मरतील. पण उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला 8-10 दिवस पुरतात, कोळ्याला वाढायला कित्येक महिने लागतात. म्हणजे डास लगेच परततील आणि त्यांना खाणारं कुणी नसेल.

त्याऐवजी धुळीने भरलेली जुनी जळमटं आणि जिन्यात तोंडाला लागणारी जाळी झाडून काढावीत. कोपऱ्यातली, वरची राहू द्यावीत. रात्रभर जळणाऱ्या दिव्यांवर किडे येतात आणि त्यांच्यामागे कोळी, म्हणून तिथे सेन्सर बसवावेत.

घरात कोळी शिरला तर त्याच्यावर ग्लास पालथा घालून खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला बाहेर सोडावं. भीत भीत का होईना, मी हे करतो. ज्यांना जमणार नाही त्यांनी मला हाक मारावी, मी येईन.

हा विषय येत्या सभेत घ्यावा आणि तोवर फवारणी थांबवावी, ही विनंती.

आपला,
एक सभासद