मैदानावर धावून आलेल्या त्या दोघांचे आभार

आमच्या विजापूर रोडच्या मैदानावरचं, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन चावी फिरवली की नुसतं 'टक्' करून गप्प बसायचं. पावसानंतर गवत गुडघ्याला लागलेलं, मुलांच्या मॅचेस तोंडावर. अशा वेळी ट्रॅक्टरची वायरिंग करणारे एक काका आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा भर उन्हात स्वतः आले.

काकांनी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. सोलेनॉइडच्या (चावी फिरवली की स्टार्टरला बॅटरीची वीज जोडणाऱ्या स्विचच्या) बारक्या टर्मिनलवरही चावी फिरवताना करंट पोचत होता. म्हणजे फ्यूज आणि सेफ्टी स्विच ठीक. "सीटखालचा सेफ्टी स्विच कधी डायरेक्ट करू नका, म्हणजे वायरी जोडून बाद करू नका. माणूस उठला की पातं थांबलंच पाहिजे," हे त्यांनी बजावून सांगितलं. मुलं खेळतात तिथे याचं मोल फार आहे.

दोष निघाला अर्थिंगच्या वायरीत. चासिसला, म्हणजे मशीनच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेलं टोक गंजलेलं. मुलाने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला आणि इंजिन पहिल्याच चावीला धडाडलं! चालू इंजिनवर बॅटरीला १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे ती चार्ज होतेय, हेही तपासून दिलं.

पैसे घेतले नाहीत, फक्त चहा. काका, भाऊ, आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. रविवारची मॅच बघायला नक्की या.