ग्रंथालयाला यावेळी पुस्तकांपेक्षा माणसं हवीयत

नमस्कार मंडळी, आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचक समितीकडून हे लिहितेय. जरा लांबलंय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

ग्रंथालयाचं आवाहन म्हटलं की लोक घरातली जुनी पुस्तकं खोक्यात भरून आणून देतात आणि त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत, पण यावेळी मागणं वेगळं आहे. आम्हाला तुमचे आठवड्यातले दोन तास हवेत.

का ते सांगते. मुलांच्या गोष्टींच्या तासाला एक आजी नातवाला घेऊन यायच्या आणि मागे खुर्चीवर बसून राहायच्या. एकदा बघितलं तर मांडीवर मुलांचंच मोठ्या अक्षरांचं पुस्तक, ओळीखाली बोट, आणि ते बोट 'सूर्य' या शब्दावर अडलेलं. अक्षरं सगळी येत होती, पण डोक्यावरचा रफार आधी म्हणायचा की नंतर तेच कळत नव्हतं. शेजारी बसून पाच मिनिटं सांगितलं, मग 'पर्वत', 'दर्या' असं एकेक जमायला लागलं आणि पान संपल्यावर त्यांनी स्वतःहून पुढचं पान उलटलं! हे असं शेजारी बसायला माणूस लागतो, आणि स्टाफ तर काउंटर, देवघेव, नोंदी यातच अडकलेला असतो.

ज्याला जे शिकायचंय त्याने ते कुठल्याही वयात इथे येऊन शिकावं, फी नाही, परीक्षा नाही, आणि तुम्ही आत्ता का शिकताय असं कोणी विचारत नाही. हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही, युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा 1949 पासून आहे आणि 2022 मध्ये सुधारला त्यातही वय, भाषा, सामाजिक स्थिती काही न बघता सगळ्यांना सारखी सेवा असंच म्हटलंय. लहान मुलं वाचायला लागायच्या आधीपासून गोष्टी ऐकून शब्द गोळा करतात, परीक्षेवाल्यांना शांत अभ्यासिका हवी असते, कोणाला नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरून हवा असतो, आणि आजोबा मंडळींना मोबाइलवर आलेल्या कुठल्या लिंकवर क्लिक करायचं नाही ते नीट, न चिडता समजावणारं कोणीतरी हवं असतं (घरची मुलं पटकन चिडतात हो, आम्ही रोज ऐकतो).

सगळ्यात मोठी गरज रेकॉर्डिंगची आहे. ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं अशा वाचकांसाठी छापील पुस्तकांच्या ऑडिओ प्रती लागतात. अशा प्रती करणं कॉपीराइटमुळे अडू नये म्हणून 2013 मध्ये माराकेश करार झाला आणि भारताने 2014 मध्ये सगळ्यात आधी तो मान्य केला. म्हणजे नियमाची वाट मोकळी आहे, वाचणारा आवाजच कमी पडतोय. आवाज रेडिओसारखा लागत नाही. पंखा बंद, फोन सायलेंट, एका लयीत वाचायचं, पान नंबर सांगायचा आणि चित्र आलं तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत बोलायचं, बस्स. अभ्यासाची पुस्तकं वाचणारे मिळाले तर फारच बरं होईल, कारण त्यातल्या आकृत्या समजावून सांगणारं कोणी भेटतच नाही.

बोलायला संकोच वाटतो त्यांनी रॅक लावायला या. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा, आणि तो खरा वाचतो रॅकवर. पुस्तकांना विषयानुसार आकडे देण्याच्या ड्यूई वर्गीकरणात 510 म्हणजे गणित आणि 610 म्हणजे वैद्यक, एक आकडा चुकला की गणिताचं पुस्तक आजारांच्या पुस्तकांत जाऊन बसतं, कॅटलॉगमध्ये दिसतं, रॅकवर मिळत नाही, म्हणजे हरवल्यातच जमा. एक तास शिकवलं की कोणालाही जमतं.

पैसे द्यायचे असतील तर ते हेडफोन, मोठ्या टाइपची पुस्तकं आणि ब्रेलसाठी वापरू. ब्रेलमध्ये एक साधी कादंबरी कितीतरी जाड खंडांची होते, त्यामुळे खर्चही वाढतो आणि जागाही जास्त लागते. रक्कम कितीही असो, पावती मागून घ्याच.

आणि पुस्तकं द्यायचीच असतील तर कृपा करून जुन्या सिलॅबसची गाइडं आणि वाळवी लागलेली पुस्तकं आणू नका, कारण एका खोक्यातली कीड अख्ख्या रॅकला लागते. आणायच्या आधी दोन-चार पुस्तकं उघडून शिवणीपाशी बघा, बारीक भोकं किंवा भुसा दिसला तर ते खोकं घरीच राहू दे.

काउंटरवर एक वही ठेवलीय. त्यात नाव, कुठला वार जमेल आणि गोष्टी, रेकॉर्डिंग, मोबाइल शिकवणं की रॅक यातलं काय आवडेल ते लिहून जा. एकट्याने यायला नको वाटत असेल तर मैत्रिणीला, शेजाऱ्यांना घेऊन या, रिटायर झालेल्या शिक्षकांना तर हा मेसेज नक्की पाठवा. आणि हो, त्या आजींना आता जोडाक्षरं संपवून वर्तमानपत्र वाचायचंय, त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा अर्धा तास कोणी देऊ शकेल का?