खडूची चौकट

हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीवर परवा बोलायचं होतं. ती १९४४ साली गेली. आपली अमूर्त चित्रं पुढची २० वर्षं कुणाला दाखवू नयेत, असं तिनेच सांगून ठेवलेलं. मी दाखवायला निघाले आणि ऐनवेळी प्रोजेक्टर बंद! (तिचीच इच्छा असावी.) माझी रडकुंडी पाहून सभागृहातले शिपाईकाका म्हणाले, "चित्र केवढं होतं, ताई?" मी दाखवणार होते ती तिची १९०७ ची दहा चित्रं, प्रत्येक तीन मीटरहून उंच. काकांनी शिडी आणली, दोरीने माप घेतलं आणि भिंतीवर खडूने तेवढी चौकट आखली. माना वर करून सगळे बघतच राहिले. नंतर भिंतही काकांनीच पुसली, मला फडक्याला हात लावू दिला नाही. काका, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.