चेंडूपेक्षा पत्र मोलाचे

महोदय,

अमेरिकी अध्यक्ष आणि बेसबॉल म्हटले की १९१० साली विल्यम टाफ्ट यांनी हंगामाचा पहिला चेंडू टाकून पाडलेली प्रथाच आठवली जाते. मला मात्र फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १५ जानेवारी १९४२ चे पत्र अधिक मोलाचे वाटते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला सहा आठवडेही झाले नसताना, युद्धकाळात सामने बंद ठेवावेत काय, या बेसबॉल आयुक्त केनेसॉ लँडिस यांच्या पृच्छेवर, खेळ चालू राहण्यातच देशाचे हित आहे असे त्यांनी कळवले. मात्र सैन्यात जाण्याजोग्या वयाच्या खेळाडूंना सवलत दिली नाही. दिवसपाळीच्या कामगारांना पाहता यावेत म्हणून रात्रीचे सामने वाढवावेत, अशी पुस्तीही (युद्धाच्या धामधुमीत!) जोडली. अंतिम निर्णय मात्र त्यांनी आयुक्त व संघमालकांवरच सोपवला होता.

– एक वाचक, पुणे